सोलापूरची गॅलरी रब्बीची धरा

जुळे सोलापूरला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, पश्चिमेला तोंड असलेली चार बाय दहा फुटांची गॅलरी, नळाला चार दिवसांआड पाणी. पाडव्याला हौसेनं तीस कुंड्या आणल्या, व्हिडिओ पाहून टोमॅटो, पालक, कोथिंबीर, ढोबळी मिरची लावली. मे संपायच्या आत जास्वंद आणि कढीपत्ता सोडून सगळं वाळलं. कढीपत्त्याची पानं कडेनं करपतायत आणि जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं बसलंय. रासायनिक काही वापरायचं नाही. "आमच्या हाताला गुण नाही, का सोलापूरच्या उन्हात हे होतच नाही?" असं एका ताईंनी विचारलं आहे.

ताई, हाताचा काही दोष नाही. तारीख चुकली. आपल्याकडे पाडव्याला पालक लावणं म्हणजे वैशाखात शाळू पेरण्यासारखं आहे. ते व्हिडिओ करणारी माणसं खोटं सांगत नाहीत, पण त्यांचा एप्रिल वेगळा आणि आपला वेगळा. पारा ४२-४३ वर गेला की टोमॅटो जगला तरी धरत नाही. दिवसा ३५ आणि रात्री २५ अंशांच्या वर तापमान राहिलं की त्याची फुलं गळतात, मग खत घाला नाहीतर काही घाला. पालक आणि कोथिंबीर तर चार पानं काढून लगेच तुऱ्यावर जातात.

गॅलरी आणि वरची थोडी गच्ची मिळून माझा हा सतरावा पावसाळा. पहिली तीन वर्षं मीही झाडं मारलीच. मग एकदा गावाकडच्या मामांनी सरळ विचारलं, "आम्ही उन्हाळ्यात काय पेरतो का रे?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. आपला जिल्हा रब्बीचा. मृगाचं नाव मोठं असलं तरी भरवसा सप्टेंबरच्या पावसावर, उत्तरा-हस्तावर. कोरडवाहू शेतकरी भारी रानात खरीप सोडून देतो, कुळवून-वखरून पावसाची ओल जमिनीत मुरवतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मालदांडी ज्वारी पेरतो. पुढं पाऊस नसला तरी त्या साठलेल्या ओलीवर पीक येतं. १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे, आणि त्याचाही गाभा हाच: आधी ओल धरा, मग बी टाका.

गॅलरीलाही हेच लागू करा. जून ते ऑगस्ट माती करायची, सप्टेंबर ते फेब्रुवारी भाजी खायची, मार्च ते मे जे टिकेल तेवढंच जगवायचं. मी वर्ष असं धरायला लागलो आणि निम्म्या तक्रारी आपोआप गेल्या.

आता मातीकडे येतो, कारण तुमची झाडं उन्हानं मेली असं तुम्हाला वाटत असलं तरी माझा संशय आधी मातीवर आहे. कुंड्यांत शेतातली काळी माती भरली होती का? बहुतेक भरली असणार, इथं मिळते तीच. रानात ती सोनं आहे, कुंडीत वीट. एक प्रयोग करून बघा. मेलेल्या टोमॅटोच्या कुंडीला नेहमीसारखं पाणी घाला, खालून पाणी येऊ द्या, मग दहा मिनिटांनी कुंडी उलटी करून मातीचा गड्डा बाहेर काढा आणि खुरप्यानं मधोमध फोडा. मी फोडला होता. बाहेरून बोटभर जाडीचं ओलं कडं आणि आत भट्टीतल्या विटेसारखा कोरडा ठोकळा. त्या ठोकळ्यात मुळं अडकलेली, तांबूस, केसासारखी वाळलेली. काळी माती वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. त्या फटीतून पाणी सरळ खाली जातं आणि बशीत साठतं. आपण बशी भरलेली बघतो आणि खूश होतो, झाड मात्र तहानलेलंच राहतं.

म्हणून कुंडीत काळी माती चौथा हिस्सा, त्याहून जास्त नको. एक चौथाई पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. उरलेला निम्मा भाग वाळका पालापाचोळा, चुरलेलं उसाचं पाचट, कडब्याची कुट्टी आणि भुईमुगाची टरफलं. शेंगाचटणीच्या गावात टरफलांना तोटा नाही. शेंगा फोडणाऱ्याकडे पोतं घेऊन गेलात तर बहुधा नाही म्हणणार नाही. टरफलं मातीत जागा ठेवतात, ओल धरतात आणि हळूहळू कुजतात. पण कच्ची टरफलं भरून लगेच बी पेरलं तर रोपं पिवळी पडतात, कारण कुजवणारे जिवाणू नत्र आधी स्वतःला घेतात. म्हणूनच जूनमध्ये भरायचं आणि सप्टेंबरपर्यंत कुजू द्यायचं. हा मेळ बसला की वर्षाचं गणितही बसतं. शिवाय असं मिश्रण हलकं राहतं. निव्वळ मातीनं भरलेली २० लिटरची रंगाची बादली ओली झाली की तीस-पस्तीस किलोंची होते. गॅलरीचा स्लॅब बाहेर निघालेला असतो, अशा बादल्या कठड्याला लावून ओळीनं ठेवू नका. जड ते भिंतीकडं, हलकं ते कठड्याकडं.

कोकोपीटबद्दल, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाबद्दल, लोक विचारतातच. मी रोपं करण्यापुरतं वापरतो. आपल्या वाऱ्यात त्याचा वरचा थर दोन तासांत वाळतो आणि खाली चिखल असतो, त्यामुळे नवीन माणूस रोज पाणी घालत राहतो आणि मुळं कुजवतो.

कुजवण्यासाठी अमृतजल करा. हे कोल्हापूरचे शेतीतले प्रयोगकर्ते श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या प्रयोग परिवारातून आलेलं आहे. एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ, दहा लिटर पाणी. तीन दिवस झाकून ठेवायचं, रोज दोन-तीनदा काठीनं ढवळायचं. मग एका भागाला दहा भाग पाणी घालून कुंडीतल्या मिश्रणावर आठवड्यातून एकदा शिंपडायचं. फ्लॅटमध्ये एवढं लागत नाही, पाव मापानं करा. वास येतो, पण दहा झाडांचा पाला कुजवून केलेल्या दशपर्णी अर्कासारखा शेजारी भांडायला येतील असा नाही. दशपर्णी गॅलरीत करूच नका, हा अनुभवाचा सल्ला आहे.

शेणखत घेताना डोळे उघडे ठेवा. एका वर्षी मी एका विक्रेत्याकडून "दोन वर्षांचं जुनं" म्हणून सहा पोती उचलली. वांग्याची रोपं एकेक करून माना टाकायला लागली. उपटलं तर मूळच नाही आणि मातीत इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरट, तपकिरी डोक्याची जाड अळी. हुमणी! कच्च्या शेणात अंडी घातलेली असतात. त्या सहा पोत्यांतून मी हातानं सत्तरेक अळ्या वेचल्या आणि गच्चीवरच्या कावळ्यांची चंगळ झाली. तेव्हापासून पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मूठ नाकाशी नेल्याशिवाय पैसे देत नाही. गरम लागलं, आंबूस वास आला किंवा शेणाची गोवरी अजून ओळखू येत असली तर परत. पिकलेलं खत चहापत्तीसारखं मोकळं असतं आणि त्याला पहिल्या पावसासारखा वास येतो.

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत मात्र जरूर करा. भोकं पाडलेल्या बादलीत भाजीच्या देठांचा एक थर आणि दुप्पट वाळका पाला, असं चढवत जा. अधूनमधून आंबट ताकाचं पाणी शिंपडा. इथं कचरा सडत नाही, तो वाळून पापड होतो आणि खत थांबतं, म्हणून उन्हाळ्यात बादलीवर ओलं गोणपाट ठेवावं लागतं. मध्येच करड्या, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नका. त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा भराभर संपवतात आणि झाडाला काही करत नाहीत.

आता ऊन. पश्चिमेची गॅलरी म्हणजे दुपारी दोन ते सहा भाजणारी. सोलापूर साडेसतरा अंश अक्षांशाच्या थोडं वर आहे. त्यामुळं मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि मावळतोही बराच उत्तरेकडे. मे महिन्यात दक्षिणेच्या गॅलरीत सावली आणि उत्तरेच्या खिडकीत ऊन, हे पाहून लोक गोंधळतात ते यामुळेच. हिवाळ्यात उलटं होतं, ऊन दक्षिणेकडून तिरपं खोलवर आत येतं. आतून बाहेर बघत उभं राहिलं की तुमच्या गॅलरीत दक्षिण डावीकडं येते; हिवाळ्यात सगळ्यांत चांगला कोपरा हा डावीकडचा आहे की उजवीकडचा, हे अंदाजानं ठरवू नका. डिसेंबरात एका रविवारी दर तासाला जमिनीवर खडूनं उन्हाची रेघ मारा. वांगी-मिरची तिथंच जाईल जिथं निदान पाच तास ऊन आहे.

होळी झाली की ग्रीलला ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा आणि मृगाचे एक-दोन पाऊस झाले की सोडा. पानांना चिकटवून बांधू नका, हातभर अंतर ठेवा. ज्या वर्षी माझी नेट वावटळीत फाटली, त्या वर्षी आठ दिवस जुनी सोलापुरी चादर टांगली होती. ऊन तिनं पुरतं अडवलं, पण उजेडही अडवला. कायमचा उपाय नाही, अडीनडीला चालतो. कुंडीच्या अंगालाही सावली हवी. पानांना ऊन सोसतं, पण काळ्या प्लॅस्टिकच्या कडेला चिकटलेल्या मुळांना नाही. दुपारी चारला कुंडीच्या पश्चिम बाजूला तळहात लावा. हात ठेववत नसेल तर मूळ तिथं शिजतंय. गोणपाट गुंडाळा, नाहीतर दोन कुंड्या एकमेकींना टेकवा. नव्यानं घ्यायच्या तर काळ्यापेक्षा पांढऱ्या ग्रोबॅग, म्हणजे कुंडीऐवजी वापरायच्या जाड पिशव्या, घ्या.

तीस कुंड्या जास्त झाल्या. चाळीस चौरस फुटांत बारा ठेवा, पण मोठ्या ठेवा: १२ इंच रुंद, तेवढ्याच खोल. पाण्याचा हिशेबही तेच सांगतो. अशा एका बॅगेला थंडीत दिवसाला अर्धा लिटर पुरतं, मे महिन्यात सव्वा ते दीड. म्हणजे बारा बॅगांना चार दिवसांसाठी थंडीत २४ लिटर आणि उन्हाळ्यात ६० ते ७२. थंडीतलं पाणी दोन बादल्यांत मावतं, मेमधलं ड्रमात. शिवाय लहान कुंडी दिवसातून दोनदा पाणी मागते, मोठी एकदाच. ड्रम साठवाल तर तोंडाला पातळ कापड घट्ट बांधा. डेंग्यूच्या डासाला वाढायला आठवडाभर उघडं राहिलेलं पाणी पुरतं, आणि चार दिवसांनी ड्रम भरत असलो तरी आपण ड्रमाच्या तळाशी दोन इंच पाणी कायम ठेवतोच.

पानांच्या कडा करपण्याचं उत्तर याच पाण्यात आहे. कुंडीच्या काठावर पांढरी पूड जमली आहे का बघा. बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत ते. पाणी उडून जातं, क्षार कुंडीतच राहतात आणि दर आठवड्याला वाढतात. झाडाला ते पानाच्या टोकाकडं नेऊन टाकावे लागतात, म्हणून टोक आणि कड आधी जळते. तुम्ही बोअरचं पाणी वापरता का माहीत नाही, पण आपल्या गावात एक आणखी चूक घरोघरी होते: कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना. ताई, कूलर पाणी उडवतो, क्षार मागं ठेवतो. मे महिन्यातलं तळाचं पाणी मूळ पाण्याच्या कितीतरी पट खारं असतं. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणीही तसंच. ते फरशीला वापरा. एसीच्या नळीतून गळणारं पाणी मात्र जवळपास क्षाररहित, ते खुशाल घाला. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी उत्तम, मीठ घातलेलं कुठलंच नको.

साठलेले क्षार धुवायला भरपूर पाणी लागतं, आणि ते आपल्याकडे फुकट एकदाच मिळतं. पहिला जोराचा पाऊस आला की कढीपत्त्याची कुंडी उचलून गच्चीवर ठेवा, बशी काढून टाका आणि दोन-तीन मोठ्या पावसांत भिजू द्या. त्याआधी खत बंद. नवी पानं स्वच्छ येतील; करपलेली पुन्हा हिरवी होत नाहीत, ती खुडून टाका.

पाणी घालायच्या आधी बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर घालू नका. आणि खुरप्यानं वरची माती आठवड्यातून एकदा हलकी हलवा. शाळूत कोळपणी करतात ती तण काढण्यापुरती नसते, भेगा बुजवून ओल कोंडण्यासाठी असते. "एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" असं जुने शेतकरी म्हणतात. कुंडीत खुरपं तेच काम करतं. वरून दोन इंच पाचटाचं आच्छादन ठेवा. चार दिवस गावाला जायचं असेल तर मोठ्या टबात मधोमध नवं, न रंगवलेलं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, झाकण ठेवा. मडकं झिरपत राहतं. जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात, तो उपयोगाचा नाही.

जास्वंदीवरचा तो पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. आधी मुंग्या बघा. त्याच्या अंगातून झरणाऱ्या गोड चिकटाच्या लोभानं मुंग्या त्याला राखतात आणि एका फांदीवरून दुसरीवर पसरवतात. मुंग्या राहिल्या तर कुठलाच अर्क टिकत नाही. कुंडी पाण्याच्या पसरट ताटलीत विटेवर ठेवा म्हणजे वाट तुटते. फांदी ग्रीलला टेकत असेल तर ती छाटा, नाहीतर पूल तयारच आहे. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कचऱ्याच्या खतात नाही. बाकीचे जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा. मग निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची, चिमूटभर साबणाचा चुरा. आठवड्याच्या अंतरानं तीनदा, पानांच्या खालच्या बाजूनं. फवारणी संध्याकाळीच. भर उन्हात कडुनिंबाचं तेलही पानं भाजतं, ते मी एका गुलाबावर करून पाहिलेलं आहे. निंबोळ्या विकत घ्यायची गरज नाही. सध्या रस्त्याकडेच्या कडुनिंबांखाली सडा पडतो. गोळा करा, गर धुऊन टाका, सावलीत वाळवा, वर्षाची सोय झाली. उन्हाळ्यात पानं राखाडी, धुरकट दिसली आणि मागं बारीक जाळी असली तर तो लाल कोळी. त्याला कोरडी हवा मानवते. सकाळी पानांच्या मागून पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी निम्मा जातो.

काय लावायचं? आत्ता जूनमध्ये बारापैकी चार बॅगांत जुनी माती सुधारून अंबाडी, तांदुळजा, गवार लावा. अंबाडीला आपल्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांत पुंटीकुरा म्हणतात. पावसाळ्यात ती हट्टानं वाढते आणि वरून खुडली की बाजूनं फुटते. घोळ तर लावावीही लागत नाही, काळ्या मातीबरोबर तिचं बी येतंच. उपटून फेकू नका, डाळीत घाला. बाकी आठ बॅगा कुजत ठेवा.

गणपती झाले की वांगी आणि मिरचीची रोपं लावा, एका बॅगेत एकच. मोह होतो, पण एकच. सप्टेंबरअखेर मेथी, शेपू, चाकवत, पालक दर दहा दिवसांनी एकेका बॅगेत, सगळं एकदम नाही. मेथी पंचवीस दिवसांत कापायला येते, म्हणजे चार बॅगांत फिरतं चक्र बसतं. कोथिंबिरीला स्वयंपाकघरातले धणे चालतात. लाटण्यानं हलके रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा, उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर उकरून बघू नका. टोमॅटो ऑक्टोबरात लावलात तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास लाल होतील. भोगीच्या भाजीतलं वांगं आणि घेवडा घरचा निघेल. ढोबळी मिरचीचा नाद मी सोडला.

एवढ्या जागेत चौघांचं घर भाजीला स्वावलंबी होत नाही, तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. थंडीत आठवड्यातून दोनदा पालेभाजी, रोजची मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर आणि अधूनमधून वांगी, इतकं नक्की मिळतं. जानेवारीत मंडईत मेथीची जुडी मातीमोल असते, तेव्हा पैशांचा हिशेब मांडलात तर हसू येईल.

मार्च लागला की पालेभाज्या काढून टाका. रिकाम्या बॅगांतली माती ओली करा, पारदर्शक प्लॅस्टिकनं घट्ट झाका आणि एप्रिल-मे तशीच उन्हात तापू द्या, पाच-सहा आठवडे. सूत्रकृमी, बुरशी, तणांचं बी, बरंच काही त्यात मरतं. ज्या उन्हानं यंदा तुमची झाडं नेली, त्याच्याकडून पुढच्या वर्षी एवढं काम करून घ्या. शेडनेटखाली कढीपत्ता, जास्वंद, पुदिना आणि दोन मिरच्या, एवढ्यांनाच पाणी.

आत्ता या आठवड्यात मात्र टरफलांचं पोतं आणून ठेवा. पाऊस सुरू झाला की ती भिजतात आणि उचलायला दुप्पट जड होतात.